मीटरवरचं फडकं

प्रिय बडबडे,

हल्ली तू दारात आलेल्या माणसाला 'ये' म्हणायलासुद्धा तोंड उघडत नाहीस, तरी मी तुला याच नावाने हाक मारणार. शाळेत बाईंनी वर्गाबाहेर काढलं की तू व्हरांड्यात शिपायाशी गप्पा मारत बसायचीस, आणि त्या गप्पांनाच कंटाळून बाई तुला परत आत घ्यायच्या. असलं कमावलेलं नाव एवढ्याशा मौनाने जात नाही. खरं तर आज फोनच करणार होते. हातात घेतला, ठेवला, परत घेतला, परत ठेवला. फोनवर तू गप्प बसतेस, मग मी घाबरून काहीबाही बोलत सुटते, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून हे पत्र. माझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखं, पण तुला ते वाचता येतं. माझ्यावरून उत्तरं उतरवून काढतच तर तू पास झालीस.

तर ऐक. यंत्र सापडलं.

ते शोधायला सांगताना तू माझा हात असा काही घट्ट धरला होतास की माझी बोटं दुखली. तुझं म्हणणं सरळ होतं. कंपनी म्हणते, खोदकामाचं ते पोकलेन जवळजवळ नवं होतं, त्यात काडीचाही दोष नव्हता, चालवणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे माणूस मेला. चालवणारा म्हणजे तुझा नवरा, माझा धाकटा भाऊ. तो म्हणाला, वरचा भाग एकदम फिरला आणि खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या शिट्टीला बकेट लागली. खाली उभं राहून इशारे देणाऱ्या त्या माणसाला सगळी साइट शिट्टीच म्हणायची. त्याचं खरं नाव मला चौकशीच्या नोटिशीत पहिल्यांदा वाचायला मिळालं. पुढच्या आठवड्यात ती चौकशी आहे. लायसन्स राहायचं की जायचं, खटला भरायचा की नाही, सगळं तिथे ठरेल. पण तुला त्याचीसुद्धा एवढी फिकीर नव्हती. माझ्या नवऱ्याच्या हातून माणूस मेलेला नाही, यंत्राने मारला, हे कोणा जाणत्या माणसाने चारचौघांत उभं राहून सांगावं, एवढंच तुला हवं होतं. आणि जुन्या यंत्रांची तपासणी करून पोट भरणारी मी घरातच असताना दुसरा जाणता माणूस शोधत फिरायची गरज नव्हती. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. मलाही तेच हवं होतं.

कंपनीने ते अपघातानंतर लगेच मिळेल त्या भावात विकून टाकलं होतं. मधे कुठेकुठे फिरून ते रंगाऱ्याच्या यार्डात येऊन उभं राहिलं. हा रंगारी तुला माहीत नाही. जुनी यंत्रं घेतो, रंगवतो आणि विकतो. गंज दिसला की त्यावर ब्रश फिरवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. त्याच्या ऑफिसातली खुर्ची, दाराची कडी, पाण्याचं पिंप, सगळं यंत्रांच्या उरलेल्या पिवळ्या रंगाचं. त्या यार्डातली माणसं मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठ वळली की सासूबाई, कारण कितीही सजवून समोर आणा, मी नाक मुरडणारच. मला राग नाही त्याचा. लग्नाची कटकट न करता सासूपण मिळालं, वाईट काय आहे! तर हा रंगारी मला म्हणाला, ताई, एकहाती वापरलेलं यंत्र आहे, अगदी डोळे झाकून घ्या. मी म्हटलं, डोळे झाकायचे असते तर घरी झोपले असते. माझं आणि त्या यंत्राचं नातं काय, हे मी त्याला सांगितलं नाही. एका गिऱ्हाइकासाठी बघतेय म्हटलं. यंत्राच्या दारावरची नंबराची पाटी बदललेली होती, पण सांगाड्यावर ठोकलेला आकडा घासत बसायचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. रंगाखालून तो बोटांनी चाचपून वाचला. तेच होतं. तिथेच टायरच्या ढिगावर जरा टेकले. बकेटसुद्धा रंगवलेली होती गं, दातांपर्यंत. कोणाला काही कळू नये इतकी स्वच्छ.

बाबांचं गॅरेज आठवतं ना तुला? तू माझ्याशी बोलायला म्हणून यायचीस, त्या ऑइलच्या पिंपावर बसायचीस आणि बघायचीस मात्र रोलरवर चढलेल्या माझ्या भावाकडे. तुम्हा दोघांना कळायच्या आधी मला कळलं होतं, आणि मी कोणाला बोलले नाही. माझ्या पोटात राहिलेली तेवढी एकच गोष्ट. त्याला कुठलंही यंत्र दिसलं की त्यावर बसायचं असायचं. बाबा ओरडायचे, आधी खालून बघ, मग वर चढ. तो ऐकायचा नाही. मी खाली पडून बॅटरी धरायचे. म्हणून तो चालवायला शिकला आणि मी बघायला शिकले. तुमचं लग्न ठरलं तेव्हा बाबा तुला म्हणाले होते की पोरगा हाताचा हुशार आहे, पण घाई फार करतो, तू बोलून बोलून त्याला थांबवत जा. तू हसत सुटली होतीस. आणि खरंच, त्याला दारातच अडवून तू एवढं बोलायचीस की तो कामावर कायम उशिरा पोचायचा.

मीटरवर फडकं टाकायची पद्धत बाबांची. विकायला आलेल्या यंत्राच्या केबिनमध्ये शिरायचं ते नजर खाली ठेवून, आणि पहिलं काम म्हणजे किती तास चाललंय ते दाखवणाऱ्या मीटरवर फडकं टाकायचं. तो आकडा आधी दिसला की डोळे त्याचंच ऐकतात, असं ते म्हणायचे. कमी आकडा दिसला की झिजलेलं पेडलसुद्धा बरं दिसायला लागतं. त्यामुळे आधी सगळं यंत्र बघायचं, आपल्या मनाशी त्याचं वय ठरवायचं, आणि मग फडकं उचलायचं. माझ्याकडे अजून तेच फडकं आहे. धुऊन धुऊन त्याची जाळी झालीय.

मी सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी गेले होते, नेहमीसारखी. इंजिनावर हात ठेवून पाहिला, गार होतं. गिऱ्हाईक यायच्या आत इंजिन तापवून ठेवायची या लोकांची खोड असते. तापलेलं इंजिन पटकन सुरू होतं, गार असताना त्याची खरी खोकल्याची उबळ कळते. हे खोकलं. चांगलं दमेकऱ्यासारखं खोकलं आणि मागून निळा धूर सोडला. खरं सांगते, मला आनंद झाला. मग पुढचं बघत गेले. पेडलचं रबर नवं होतं, पण त्याच्या खालचा लोखंडी पत्रा मधोमध झिजून चकचकीत झालेला. चालवणाऱ्याच्या बुटाची टाच जिथे टेकते तिथे केबिनच्या तळाला खळगा पडलेला. काचेवर वायपरने कोरलेली अर्धवट चंद्रकोर, नखाला लागेल एवढी खोल. बूम, म्हणजे यंत्राचा लांब हात, थोडा उचलून हलवला तर सांध्यांतल्या पिना आणि बुश यांच्यामधून खडखडाट, बकेट नुसती सुटल्या दातासारखी हलायला लागली. खालच्या चेनचे दात झिजून टोकदार झालेले. दरेक ठिकाणी मी मनात म्हणत होते, घ्या, हे घ्या, आणि हेही घ्या. मग फडकं उचललं. मीटरवर जेमतेम एखाद्या वर्षाच्या कामाचा आकडा होता. आणि यंत्र माझ्या हिशेबाने त्याच्या कितीतरी पट राबलेलं. मीटर बदललेलं होतं. त्याच्या स्क्रूंच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे होते, आणि ते ओरखडेसुद्धा कंपनीच्या वेळचेच, कारण रंगाऱ्याचा रंग त्यांच्यावरून गेलेला होता आणि कंपनी सांगते तो आकडाही हाच होता. म्हणजे नवं यंत्र म्हणणारी कंपनी धडधडीत खोटं बोलत होती. मी केबिनमध्ये बसून एकटीच हसले, बडबडे. तुला फोन लावायला घेतला होता. वाटलं, तू ऐकशील आणि कदाचित पहिल्यासारखी किंचाळशील.

तो फोन मी का केला नाही, ते आता सांगते.

यंत्र म्हातारं आहे, एवढं सांगून भागणार नव्हतं. म्हातारं आहे म्हणून ते आपोआप फिरलं, हे दाखवायला हवं होतं. वरचा भाग जागच्या जागी धरून ठेवणारा एक ब्रेक असतो. चालवायचे दांडे सोडले की त्याने पकड घ्यायची असते. तो गेलेला असेल तर उतारावर उभं केलेलं पोकलेन हळूहळू आपल्या वजनाने वळतं. मी रंगाऱ्याच्या माणसाला यंत्र मागच्या उतारावर न्यायला लावलं, बूम पूर्ण लांब करून आडवा ठेवायला लावला, दांडे सोडून दिले आणि बकेटच्या टोकाखाली जमिनीवर एक दगड ठेवून बघत बसले. ते हललं नाही. दुसऱ्या बाजूला वळवून ठेवलं. हललं नाही. बकेटमध्ये माती भरायला लावली. ढिम्म. मग वाटलं, ब्रेक नंतर कोणी बदलला असेल. विकायच्या आधी दुरुस्त केला असेल. खाली वाकून, बॅटरी लावून त्याच्या झाकणाचे बोल्ट बघितले. जुना रंग, त्यावर जुनं ग्रीस, त्यावर जुना चिखल, आणि सगळ्यावर रंगाऱ्याचा पिवळा. पान्याने त्या बोल्टांना कधी शिवलेलंसुद्धा नव्हतं. मग दांडेच अडकत असतील म्हणून ते ओढून सोडून बघितले. सोडले की जागेवर. पुन्हा ओढले, पुन्हा जागेवर. रंगाऱ्याचा माणूस वैतागून म्हणाला, ताई, घ्यायचं नसेल तर तसं सांगा, पण बिचाऱ्याला दमवू नका. मी त्याच्यावर खेकसले. त्याचं काही चुकलं नव्हतं. एवढी वर्षं मी यंत्रात दोष नसावा म्हणून बघत आले, आणि जन्मात पहिल्यांदा मी दोष असावा म्हणून बघत होते. तो जिथे हवा होता तिथे नव्हता.

मग मी केबिनमध्ये परत जाऊन बसले. कशासाठी ते मलाही कळत नव्हतं. बसल्या बसल्या डाव्या हाताचा लाल दांडा दिसला. तुला हे माहीत नसेल, म्हणून सांगते. सीटच्या डाव्या बाजूला एक लाल दांडा असतो. चालवणाऱ्याने उठताना तो वर करायचा. तो वर गेला की बाकीचे सगळे दांडे मेल्यासारखे होतात, कितीही धक्का लागला तरी यंत्र हलत नाही. खाली केला की पुन्हा जिवंत. दर वेळी उठताना वर करा, बसताना खाली करा, याचा चालवणाऱ्यांना फार जाच वाटतो, विशेषतः घाईत असणाऱ्यांना. खड्ड्यात डोकावायला दर घटकेला उठावं लागतं ना. मग ते तो दांडा खाली बांधूनच टाकतात. तारेने, दोरीने, जे हाताला लागेल त्याने. कितीतरी यंत्रांवर मी ते बघितलंय, आणि बघितलं की माझं डोकं फिरतं. या दांड्याच्या बुडाशी रंग जरा जाड वाटला. गोळा होता बोटाच्या पेराएवढा, खाचेत घट्ट बसलेला. नखाने खरवडला तर पिवळा पापुद्रा निघाला आणि खाली कापड दिसलं. कापडाची गाठ. दोन्ही टोकं सुरीने कापलेली, गाठ तेवढी राहिलेली, आणि रंगाऱ्याने तिच्यावरूनही ब्रश फिरवलेला.

ती गाठ मी फडक्यात बांधून घरी आणली. संध्याकाळी मोरीत बसून रॉकेलने रंग काढत होते. काय निघणार ते कळत होतं आणि तरी काढत होते. निळी फुलं निघाली, पांढऱ्यावर निळी. तुझ्या स्वयंपाकघराचा जुना पडदा. दुकानात त्या कापडावरून तू माझ्याशी किती वाद घातला होतास! मी म्हणत होते डाग दिसतील, तू म्हणत होतीस दिसू देत, फुलं बघ. तेवढ्यात तो आला. तुझ्याकडून माझ्याकडे रोज यायचा तसाच, चपला दारात सोडून, चहा टाक म्हणत. मी मोरीतून उठले नाही. तो आत आला, माझ्या हातात बघितलं, आणि तिथेच ओल्या फरशीवर बसला. मला काही विचारावं लागलं नाही.

शिट्टी त्याला काहीतरी सांगत होता. खाली काठावर उभा राहून, हसत हसत, हातवारे करून. काहीतरी गंमत असणार, कारण शिट्टी सांगतानाच हसायला लागायचा आणि पुढचं कोणाला कळायचं नाही. इंजिनाच्या आवाजात याला ऐकू येईना. म्हणून काय म्हणतोयस रे, असं ओरडत हा उठला आणि दारातून वाकला. दांडा बांधलेला. जॅकेटचा उसवलेला खिसा फिरवायच्या दांड्यात अडकला. बस, तेवढंच. वरचा भाग फिरला. शिट्टी तेव्हाही हसत होता, असं तो म्हणाला. हे सगळं त्याने मोरीच्या जाळीकडे बघत, पाठ केलेलं म्हणावं तसं सांगितलं. मला वाटतं तो ते रोज स्वतःशी म्हणत असणार. अपघाताच्याच संध्याकाळी सगळे निघून गेल्यावर यंत्र बाजूला लावायला त्यालाच सांगितलं गेलं, तेव्हा त्याने ती पट्टी कापली. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरी येऊन तो तुला इतकंच म्हणाला होता की वरचा भाग एकदम फिरला. आपोआप फिरला, हे त्याने कधीच म्हटलं नाही. ते आपण म्हणालो. तू गल्लीत सांगून आलीस, मी सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटले, आणि त्याने आपल्याला थांबवलं नाही.

मी त्याला नाही नाही ते बोलले. भांडकुदळ हे नाव तू मला उगाच दिलेलं नाहीस. घाणेरडं बोलले, बाबांची आठवण काढून बोलले, हातातलं रॉकेलचं डबडं भिंतीवर फेकलं. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मला जाणवलं की या माणसाला कोणीतरी असं बोलावं म्हणूनच तो इतके दिवस वाट बघत होता. मग मात्र माझ्याच्याने पुढे बोलवेना. माझा भाऊ आहे गं तो. मी त्याला काखेत घेऊन फिरलेय.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, कारण तुझं डोकं कसं चालतं ते मला माहीत आहे. तो पडदा तुझा होता म्हणून त्यात तुझा काही संबंध येत नाही. त्याने डबा बांधायला म्हणून पट्टी मागितली, तू फाडून दिलीस. डब्यासाठी मागितलेली पट्टी माणूस कुठे नेऊन बांधेल, हे कोणा बायकोला कळणार? जॅकेटचा खिसा शिवायचा राहिला होता म्हणूनही स्वतःला कोसू नकोस. तुझ्या आधी मी आहे त्या रांगेत. सगळ्या जगाचे दांडे तपासत फिरते आणि माझ्याच भावाच्या केबिनमध्ये कधी डोकावले नाही.

चौकशीत मी येणार आहे, पण तू सांगितलं होतंस ते सांगायला नाही. जे बघितलं आणि त्याच्या तोंडून ऐकलं ते सगळं सांगणार. मीटर बदललं होतं, यंत्र मोडकळीला आलेलं होतं, आणि लाल दांडा बांधलेला साइटवरच्या साहेबांना रोज दिसत होता, कारण बांधलेल्या दांड्याने काम लवकर उरकतं आणि ते सगळ्यांनाच हवं असतं. कंपनीला मी सुखाने झोपू देणार नाही. आणि त्याच दमात हेही सांगणार की त्या दिवशी यंत्र आपोआप फिरलं नाही. मनात आलं नाही असं नाही. नुसतं मीटरचं सांगून खाली बसले असते तर कोणी पुढचं विचारलंही नसतं, आणि आपण तिघं त्या दारातून सुटून बाहेर आलो असतो. दोन दिवस मी याच विचाराने घरात येरझारा घातल्या. पण मग तू आणि शिट्टीची बायको डोळ्यांसमोर यायचात. तू रोज तिच्याकडे जातेस, तिचं पाणी भरतेस, तिला शिवणयंत्र चालवायला शिकवतेस. अपघातानंतर आठवड्याच्या आतच तू तिच्या दारात जाऊन म्हणाली होतीस की माझ्या नवऱ्याने नाही मारलं, त्या यंत्राने मारलं. आणि तिने तुझ्यावर विश्वास ठेवून तुला घरात घेतलं. तेव्हापासून ती तुझ्याशिवाय कोणाशी धड बोलत नाही, आणि तू तिच्याशिवाय कोणाशी बोलत नाहीस. मला हे सगळं लिहायला इतका वेळ लागला तो तिच्यामुळे. तुझा नवरा तुझ्याशी खोटं वागला, ते तुझं तू त्याच्याशी बघून घेशील. पण तुला तिच्यासमोर खोटं पाडणं, हे त्याच्याच्याने सहन होत नाहीये, आणि माझ्याच्यानेही.

आता हे पत्र आजच का, ते. बाहेरगावी कोणाच्या तरी मदतीला जातोय असं त्याने तुला फोनवर सांगितलंय ना? तो कुठेही गेलेला नाही. त्या संध्याकाळपासून माझ्या बाहेरच्या खोलीत बसून आहे, ताटातलं चिवडतो आणि उठतो. आज सकाळी त्याने आपणहून तोंड उघडलं. शिट्टीच्या बायकोने हे चौकशीच्या खोलीत, परक्या माणसांच्या गर्दीत ऐकू नये, असं म्हणाला. उद्या सकाळी तो तिच्या दारात जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे. शिट्टी शेवटी हसत होता, हेही सांगणार आहे. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाला. तुला बोलवू का विचारलं, तर म्हणाला, तिला कळव, पण ये म्हणू नकोस. म्हणून मी म्हणत नाही. हे पत्र मी तुझ्या दाराखालून सरकवून जाईन, कडी वाजवणार नाही. तू आली नाहीस, पुन्हा त्याचं तोंड पाहिलं नाहीस, तरी तू माझी आहेस तशीच राहशील. तो माझा भाऊ नंतर झाला, तू माझी आधी होतीस असंच मी धरून चालेन. पण तिच्याकडे जायला तुझ्या दारावरूनच जावं लागतं. तो मान खाली घालून जाईल, थांबणार नाही, हाक मारणार नाही. तुला जायचं असेल त्याच्याबरोबर, तर चपला घालून बाहेर उभी राहा.

तुझीच,
भांडकुदळ